मुलाला अमेरिकन फुटबॉल खेळायचाय: सातशे डॉलरचं हेल्मेट घेतलं तर काळजी मिटते का?

हर्षदा_प्लेनो
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा ऑगस्टमध्ये आठवीत जाईल. इथे सातवीपासून शाळेची टॅकल फुटबॉलची (बॉलवाल्याला धरून खाली पाडायचं, तो प्रकार) टीम असते. गेल्या वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून टाळलं, पण ते पुढचं वर्ष आता उगवलंय. उंची-वजन बघून कोचने त्याला लाइनबॅकर करायचं ठरवलंय, म्हणजे समोरून पळत येणाऱ्याला पाडायचं हेच मुख्य काम. नवरा ठाम विरोधात, चिरंजीव जेवणावर रुसून बसलेत आणि सासूबाईंना ज्या खेळात बॉल हातात धरून पळतात त्याला फुटबॉल का म्हणतात हेच अजून पटलेलं नाही.

शाळा हेल्मेट देते, पण ते आधीच्या मुलांनी वापरलेलं असतं. ऑनलाइन पाच तारे मिळालेली हेल्मेट दिसतात, किंमत पाचशे-सातशे डॉलर. माझा प्रश्न साधा आहे: चांगलं हेल्मेट घेऊन दिलं तर डोक्याच्या दुखापतीची भीती कितपत कमी होते? ज्यांची मुलं खेळतात किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया लिहावं.

खडकीचा_खवचट
सातशे डॉलर?? आमच्याकडे सातशे रुपयांचं मिळतं आणि गाडीच्या आरशाला अगदी सुरक्षित राहतं. पोलीस दिसला की डोक्यावर, चौक गेला की परत आरशाला.

निवांत_नाशिककर
खवचटराव, पहिल्याच प्रतिसादात धागा पुण्याला नेलात. विक्रम आहे.

धक्काबुक्की
हर्षदाताई, मी डेट्रॉइटकडे गाड्यांच्या अपघात-चाचण्यांमध्ये काम करतो. फुटबॉलची हेल्मेट हा माझा धंदा नाही, पण भौतिकशास्त्र तेच. जरा लांबण लागेल.

हेल्मेट मुळात कवटी फुटू नये म्हणून आहे आणि ते काम ते झकास करतं. रिडेलने प्लास्टिकचं हेल्मेट १९३९ मध्ये आणलं. त्याआधी चामड्याच्या टोप्या होत्या, आणि एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, हेल्मेट सक्तीचं व्हायलाही १९४३ उजाडलं. १९६८ च्या मोसमात अमेरिकेत सगळ्या पातळ्यांवर मिळून ३६ खेळाडू मैदानावरच्या माराने गेले. पुढच्याच वर्षी नॉकसे ही मानक ठरवणारी संस्था स्थापन झाली आणि १९७३ मध्ये हेल्मेटचं पहिलं मानक आलं. चाचणी कशी, तर नकली डोक्यावर हेल्मेट चढवून ते ठरावीक उंचीवरून खाली आपटायचं आणि आतल्या डोक्याला किती धक्का बसला ते मोजायचं. १९९० साली अशा थेट माराने एकही मृत्यू झाला नाही.

पण कन्कशन (धक्क्याने मेंदूला होणारी इजा) म्हणजे कवटी फुटणं नव्हे. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यात थांबलं तरी मेंदू पुढे जात राहतो, आणि डोकं गर्रकन फिरलं तर मेंदूचे तंतू ताणले जातात, पिळले जातात. सगळ्यात वाईट असतं ते हे फिरणं. सरळ माराला पॅडिंग दाबलं जाऊन धक्का लांबवतं, हे उत्तम. पण बाजूने बसलेल्या तडाख्याने मान फिरली तर हेल्मेट डोक्याबरोबरच फिरतं. शिवाय पॅडिंगला जागा किती, तर जेमतेम दोन बोटं. गाडीचं बॉनेट हातभर चुरगळू शकतं, तशी चैन इथे नाही.

म्हणून उत्तर: चांगल्या हेल्मेटने फरक पडतो, पण भीती जात नाही. हेल्मेटच्या मागे चिकटवलेला इशारा एकदा वाचा. कुठलंही हेल्मेट डोक्याच्या आणि मानेच्या गंभीर दुखापती पूर्ण टाळू शकत नाही, त्याने समोरच्याला ढुशी मारू नका, असं खुद्द उत्पादकच लिहितो.

लाइनबॅकरचा_बाप
न्यू जर्सीहून. आमचा पोरगा चार मोसम खेळला, आता कॉलेजात आहे आणि खेळत नाही. धक्काबुक्की यांच्याशी सहमत. फक्त एक भर: हेल्मेटचे तारे बघण्याआधी ते डोक्यावर बसतंय का ते बघा. आमच्या शाळेत पहिल्या दिवशी ढिगातून 'मीडियम वाटतंय, घे' म्हणून एक हातात दिलं होतं. चेहऱ्याची जाळी धरून हलवलं तर आत पोराचं डोकं वेगळं हलत होतं. जाळी हलवली की कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. पुढची कड भुवयांच्या वर दीड-दोन बोटं. हनुवटीचा पट्टा चारही ठिकाणी लावलेला. आत हवेच्या पिशव्या असतील तर थंडीत हवा आकसते, त्या परत भराव्या लागतात. आणि केस कापले की पुन्हा तपासा, कारण मोसमाच्या मध्यावर ही पोरं कधी चमनगोटा करतील सांगता येत नाही.

ट्रेनर_मृणाल
मी ओहायोतल्या एका हायस्कूलमध्ये अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे. मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी दिसते ती मीच, पण खरं काम दुखापत ओळखण्याचं आणि खेळाडूला बाहेर काढण्याचं.

वापरलेल्या हेल्मेटला घाबरू नका. शाळा ती दरवर्षी किंवा वर्षाआड रीकंडिशनिंगला पाठवतात. तिथे उघडून, तपासून, पॅडिंग बदलून पुन्हा प्रमाणित करतात. दहा वर्षांहून जुनं हेल्मेट ते परत घेत नाहीत. आतल्या स्टिकरवर उत्पादनाचं वर्ष आणि शेवटचं रीकंडिशनिंग दोन्ही असतं, शाळेला दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

ताऱ्यांबद्दल: ती यादी व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाची आहे, २०११ पासून. काम चांगलं आहे, त्यामुळे कंपन्यांना सुधारणा करावीच लागली. पण पाच तारे बऱ्याच हेल्मेटना मिळालेत, तेव्हा तारे मोजण्यापेक्षा यादीतला गुण बघा, कमी तितका बरा. लहान मुलांच्या हेल्मेटची यादी वेगळी आहे, मोठ्यांची बघून घेऊ नका. आणि माउथगार्ड दातांसाठी आहे. त्याने कन्कशन टळतं असं सांगून महागडा विकायला बघतील.

तात्या_टेम्पे
मी स्पष्ट बोलतो, राग मानू नये. तेरा वर्षांच्या पोराला कुणाच्या अंगावर धावून जायला शिकवायचं आणि मग हेल्मेट कुठलं घेऊ विचारायचं! बॉस्टन युनिव्हर्सिटीने २०१७ मध्ये एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई, म्हणजे डोक्यावरच्या वारंवार माराने मेंदू झिजवणारा आजार. यावर काय बोलायचं? क्रिकेट खेळू द्या, टेनिस खेळू द्या.

डॉ_वऱ्हाडी
तात्या, आकडा बरोबर आहे, पण अर्धाच सांगितला तुम्ही. ते मेंदू कुटुंबांनी दान केले होते, आणि बहुतेक कुटुंबांनी माणूस बदलल्याचं पाहून दान केले. त्यामुळे 'खेळणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना होतो' असा अर्थ काढता येत नाही. त्याच अभ्यासात फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेल्यांमध्ये हे प्रमाण खूपच कमी होतं. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू कापून पाहिल्यावरच होतं. २००२ मध्ये पिट्सबर्गचा माजी खेळाडू माइक वेबस्टर गेला तेव्हा डॉ. बेनेट ओमालू यांनी तसंच पाहिलं आणि २००५ मध्ये शोधनिबंध छापला. एनएफएलने आधी तो मोडीत काढायचा प्रयत्न केला, आणि पुढे माजी खेळाडूंच्या दाव्यांपोटी शंभर कोटी डॉलरहून मोठी तडजोड केली.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०२३ चा ६३१ मेंदूंचा अभ्यास. कन्कशन किती वेळा झालं यावरून सीटीईचा अंदाज येत नव्हता. आयुष्यभरात डोक्यावर एकूण किती जोराचे किती तडाखे बसले त्यावरून येत होता. म्हणजे 'आमच्या पोराला एकदाही कन्कशन झालं नाही' हा दिलासा अपुरा आहे. रोजच्या सरावात लाइनवरची पोरं एकमेकांवर आदळतात, चक्कर नाही, उलटी नाही, काही नाही, ते सगळं त्या खात्यात जमा होत असतं.

म्हणून ताई, माझ्या मते तुमचा प्रश्न 'कुठलं हेल्मेट' पेक्षा 'आठवड्यात किती आदळआपट' असा हवा.

धक्काबुक्की
डॉक्टर, +१००. आमच्याकडेही हेच. गाडीची धडक टळली की एअरबॅगची परीक्षाच होत नाही.

मिरजकर_पैलवान
मी फुटबॉल टीव्हीवर लेकीकडे आलो की बघतो. कबड्डी मात्र उमेदीत बरीच खेळलोय. एक विचारतो. हे लोक डोकं खाली घालून का घुसतात? आम्हाला वस्ताद पहिल्या दिवशी सांगायचे, नजर चढाईवाल्याच्या कमरेवर. पाय फसवतात, खांदे फसवतात, कंबर फसवत नाही. मांडीची पकड करताना डोकं बाजूला गेलं पाहिजे, समोर राहिलं की गुडघा थेट कपाळावर. आमच्या डोक्यावर काहीच नसायचं, म्हणून कळायचं पटकन.

ट्रेनर_मृणाल
काका, तुम्ही नकळत या खेळातली सगळ्यात मोठी गोची सांगितलीत. डोक्यावर काही नसलं की माणूस डोकं जपतो. प्लास्टिकचं कवच आणि जाळी आली आणि डोकं हत्यार झालं. साठ-सत्तरच्या दशकात कोच उघडपणे शिकवायचे की हेल्मेटचा पुढचा भाग समोरच्याच्या छातीत घाल. कवटीच्या जखमा कमी होत गेल्या आणि माना मोडायला लागल्या.

डोकं खाली का घालायचं नाही, ते सगळ्यांनी समजून घ्यावं. सरळ उभं राहिलं की मानेच्या मणक्यांना मागून खोलगट बाक असतो. तो बाक स्प्रिंगसारखं काम करतो, शिवाय स्नायू धक्का वाटून घेतात. हनुवटी छातीकडे साधारण तीस अंश झुकवली की बाक जातो, मान सरळ खांब होते. आता टाळूवर धडक बसली तर डोकं थांबतं, मागून धड येतच राहतं, आणि मधल्या मध्ये मणका चिरडतो. हे फिलाडेल्फियाच्या टेम्पल युनिव्हर्सिटीतले डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी दाखवून दिलं. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजच्या नियमांत डोक्याने पहिली धडक मारण्यावर बंदी आली. त्या एका वर्षात मानेखाली कायमचा लुळेपणा आलेले ३४ खेळाडू होते, १९८४ मध्ये ५. हेल्मेटात विशेष काही बदललं नव्हतं, बदलला होता नियम आणि शिकवण.

एनएफएलला डोकं खाली घालून धडक मारली की १५ यार्डांचा दंड हा नियम आणायला २०१८ उजाडलं. त्याच्या आदल्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचा खेळाडू रायन शेझियर डोकं खाली घालून टॅकल करताना मणक्याला जायबंदी झाला होता.

निवांत_नाशिककर
हा प्रतिसाद प्रिंट काढून प्रत्येक कोचच्या कपाळावर चिकटवायला हवा.

खडकीचा_खवचट
कपाळावर नको, हनुवटी खाली घालून वाचायला जातील.

जुनी_पाने
इतिहासाची थोडी भर. हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. १८९० च्या दशकात 'फ्लाइंग वेज' नावाचा प्रकार होता. सगळे हातात हात अडकवून व्ही आकारात पळत यायचे, मध्ये बॉलवाला. १८९४ मध्ये तो बंद केला. १९०५ च्या मोसमात दीड डझन पोरं मेली. त्याच मोसमात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. त्यांचा स्वतःचा मुलगा हार्वर्डला खेळत होता. पुढच्या वर्षी फॉरवर्ड पास (बॉल हाताने पुढे फेकणं) कायदेशीर झाला आणि मैदानावरचा चिखलातला ढीग जरा पांगला. आज ज्या लांब पासवर लोक उड्या मारतात, तो मुळात जीव वाचवायला आलेला नियम आहे.

तात्या_टेम्पे
म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही बंदच करायला हवा होता.

लाइनबॅकरचा_बाप
तात्या, कोलंबिया युनिव्हर्सिटीने १९०५ नंतर काही वर्षं बंद केला होता, पुन्हा सुरू केला. शुक्रवारी रात्री शाळांच्या सामन्याला टेक्सासमधलं एखादं स्टेडियम बघून या, मग बंद करायची भाषा करा. बरं, तुमच्या क्रिकेटचं काय? नरी काँट्रॅक्टरांच्या डोक्यात बार्बाडोसला १९६२ मध्ये चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसला, कवटीला तडा गेला, कसोटी कारकीर्द संपली. २०१४ मध्ये फिल ह्यूज हेल्मेट घालून गेला.

जुनी_पाने
ह्यूजला चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेवर लागला. त्यानंतर मागे मानेवर लटकणारे गार्ड आले. कितीतरी फलंदाजांना ते नको असायचे, मान वळवताना अडकतं म्हणे.

मिरजकर_पैलवान
आमच्या वेळी बिनहेल्मेटचे खेळायचे ते काय येडे होते का, असं विचारणारा आता कुणीतरी येईल.

हर्षदा_प्लेनो
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रिकेटवर वेगळा धागा काढा प्लीज :)
डॉक्टरांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, तो 'बघ, मी काय म्हणत होतो' म्हणाला. मृणालताईंचा मुलाला दाखवला, त्याने तीस अंश मान झुकवून बघितली आणि मग बराच वेळ यूट्यूबवर टॅकल बघत बसला. आता सांगा, योग्य टॅकल शिकवतात म्हणजे नक्की काय शिकवतात? कोच म्हणाला, 'आम्ही हेड्स अप (डोकं वर ठेवून टॅकल) शिकवतो.' हे पुरेसं आहे का?

लाइनबॅकरचा_बाप
नुसतं 'हेड्स अप' म्हणणं म्हणजे बोर्ड लावणं. यूएसए फुटबॉल या संस्थेने २०१२ मध्ये तो कार्यक्रम आणला, एनएफएलचे पैसे होते. दुखापती भरपूर कमी झाल्याचा दावा बरीच वर्षं केला, पण २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आकडे तपासले तेव्हा तेवढा परिणाम दिसला नाही. ज्या टीमनी सरावातली टक्कर मर्यादित केली होती तिथे मात्र फरक होता.

ट्रेनर_मृणाल
मी थोडी असहमत. शिकवण्याचा उपयोग होतो, पण सराव तसा करून घेतला तर. न्यू हॅम्पशायर युनिव्हर्सिटीत खेळाडूंना हेल्मेट काढून टॅकलचे सराव करायला लावले. कमी जोराने, पॅडवर, आठवड्यात थोडाच वेळ. मोसमाअखेर त्या गटाच्या डोक्यावरचे तडाखे साधारण २८ टक्क्यांनी कमी झाले. मिरजकर काकांचंच तत्त्व. डोकं उघडं असलं की शरीर आपोआप शिकतं.

तंत्राचं म्हणाल तर जुन्या पद्धतीत डोकं बॉलवाल्याच्या समोरून आडवं घालायला सांगायचे. त्यात त्याचा गुडघा, कोपर सगळं तोंडावर येतं. सिअ‍ॅटलच्या एनएफएल टीमचा तेव्हाचा कोच पीट कॅरोल याने २०१४ च्या सुमारास रग्बीच्या धर्तीवरचं शिकवलं, व्हिडिओ फुकट आहेत. पळणाऱ्याच्या जवळच्या कमरेचा माग काढायचा, जवळचा पाय त्याच्या पायाजवळ टाकायचा, त्याच बाजूचा खांदा मांडीत, डोकं त्याच्या पाठीमागच्या बाजूला, हात घट्ट आवळून पाय मारत राहायचं आणि लोळवायचं. मुलाला हे संथ गतीत, गुडघ्यावर बसून करायला लावतात का ते बघा. पहिल्याच आठवड्यात दोघांना दहा यार्डांवर उभं करून 'धडका' म्हणणारा कोच असेल तर घरी या.

रग्बीवाली_रेवा
लंडनहून वाचतेय. रग्बीचं कौतुक ऐकून बरं वाटलं, पण आमच्याकडेही सगळं आलबेल नाही. हेल्मेट नसलं तरी कन्कशन होतात, आणि बहुतेक टॅकल करणाऱ्यालाच. म्हणून इंग्लंडमध्ये २०२३ पासून हौशी खेळात टॅकल छातीच्या हाडाखालीच करायचा नियम आला. पहिले काही आठवडे नुसती शिट्टी वाजत होती.

डॉ_वऱ्हाडी
डार्टमथ कॉलेजचं उदाहरण राहिलं. तिथल्या बडी टीव्हन्स या कोचने २०१० मध्ये सरावातलं प्रत्यक्ष टॅकल पूर्ण बंद केलं. खेळाडू पॅडवर आणि पुढे रिमोटवर पळणाऱ्या पुतळ्यावर टॅकल करायचे. लोक हसले, पण टीम जिंकायला लागली. २०१६ मध्ये सगळ्या आयव्ही लीगने (डार्टमथ, हार्वर्ड, येल वगैरेंची लीग) मोसमातल्या सरावात पूर्ण टॅकल बंद केलं. त्याच वर्षी त्यांनी किकऑफ (खेळ सुरू करायची लांब किक) पाच यार्ड पुढे आणला, म्हणजे बॉल जास्त वेळा थेट मैदानाच्या टोकापर्यंत किंवा पलीकडे जातो आणि दोन्ही बाजूंनी सुसाट पळत येणाऱ्यांची टक्कर होत नाही. किकऑफवरची कन्कशन दर हजार खेळींमागे जवळजवळ अकरावरून दोनवर आली. पाच यार्ड! एक पैसा खर्च नाही. एनएफएलनेही २०२४ मध्ये किकऑफची मांडणीच बदलली.

धक्काबुक्की
अवांतर: हेल्मेटवर घालायची ती मऊ टोपी, गार्डियन कॅप. एनएफएलने २०२२ पासून सरावात काही जागांच्या खेळाडूंना सक्तीची केली आणि त्या गटात कन्कशन निम्म्याने घटली म्हणतात. विस्कॉन्सिनमधल्या हायस्कूल खेळाडूंच्या अभ्यासात मात्र फरक दिसला नाही. कारण काय असेल यावर मी पैज लावणार नाही, पण पोरगं 'मशरूम दिसतो' म्हणून काढून ठेवेल हे नक्की.

तात्या_टेम्पे
मग फ्लॅग फुटबॉल का नाही? कमरेचा झेंडा ओढायचा, काम झालं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे.

हर्षदा_प्लेनो
तात्या, तुमचं हे पहिलंच वाक्य घरात सर्वानुमते मंजूर झालं. त्याला विचारलं. म्हणतो, 'फ्लॅग लहान मुलांचा.' ऑलिंपिकचं ऐकून थोडा डळमळलाय.

दरम्यान कोचला ईमेल केली. आठवड्यात पूर्ण टक्कर किती मिनिटं, टॅकल कोण शिकवतं, हेल्मेटचं वर्ष, आणि सरावाला अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो का. इथे हायस्कूलला पूर्ण वेगाच्या टक्करीला आठवड्यात ९० मिनिटांची मर्यादा आहे, आठवीचं काय ते विचारलं. उत्तर आलं: ट्रेनर सामन्याला असतो, सरावाला 'उपलब्ध असल्यास'. हेल्मेट तीन वर्षांचं, रीकंडिशन केलेलं, स्टिकरचा फोटोही पाठवला. मिनिटांचा आकडा दिला नाही, 'आम्ही जबाबदारीने करतो' एवढंच.

लाइनबॅकरचा_बाप
'जबाबदारीने' हा आकडा नाही. परत विचारा.

डॉ_वऱ्हाडी
आणि कन्कशनची शंका आली तर त्या दिवशी मैदानात परत नाही, हे मुलाकडून वदवून घ्या. वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेट २००६ मध्ये तेरा वर्षांचा होता. डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यात परत खेळवला आणि मेंदूत रक्तस्राव झाला. २००९ मध्ये त्याच्या नावाने पहिला कायदा झाला, आता सगळ्या राज्यांत तसे कायदे आहेत. पण कायदा तेव्हाच चालतो जेव्हा पोरगं 'डोकं गरगरतंय' असं सांगतं. मुलं लपवतात, जागा जाईल म्हणून.

हर्षदा_प्लेनो
परत विचारलंय. सातशेचं हेल्मेट घेत नाही, स्टिकर ठीक आहे आणि शनिवारी फिटिंगला स्वतः जाणार. वाचलेल्या पैशांत एका रग्बी क्लबचा महिनाभराचा टॅकल क्लिनिक मिळतोय. नवरा 'हो' म्हणालेला नाही, पण क्लिनिकला गाडीने सोडायला तयार झालाय. मिनिटांचं उत्तर पटलं नाही तर फ्लॅग, हे चिरंजीवांनी कबूल केलंय, दात-ओठ खाऊन.

ट्रेनर_मृणाल
छान. एक राहिलं, आणि डोक्याच्या चर्चेत ते नेहमी राहतं. सराव ऑगस्टमध्ये, टेक्सासमध्ये. २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघाताने गेला, व्यावसायिक खेळाडू, भोवती डॉक्टर असून. पहिले काही दिवस पूर्ण पॅड नकोत, शरीराला सवय होऊ द्यायची. आणि मैदानाशेजारी बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला हवा. पोरगं उन्हाने कोसळलं तर आधी टबात, मग अँब्युलन्स. डीफिब्रिलेटर (थांबलेलं हृदय झटक्याने सुरू करायचं यंत्र) कुठे ठेवलाय आणि ती खोली संध्याकाळी कुलूपबंद असते का, तेही विचारा. जानेवारी २०२३ मध्ये एनएफएलच्या डमार हॅमलिनचं हृदय छातीवरच्या धडकेने भर सामन्यात थांबलं, तो वाचला कारण सीपीआर आणि यंत्र दोन्ही तिथल्या तिथे होतं.

हर्षदा_प्लेनो
टबचं डोक्यातच नव्हतं. तिसरी ईमेल लिहायला घेते, कोच आता माझं नाव बघूनच पळेल.

मिरजकर_पैलवान
पळू दे की. कमरेवर नजर ठेव.